कोपराचं कौतुक

दुकानात तिला मॅडम म्हणत, बॅडमिंटनच्या हॉलवर वहिनी म्हणत आणि घरी सासूबाई नुसतं "अगं" म्हणत. आपण तिला सूनबाई म्हणू, कारण या गोष्टीत तिने जी काही माती खाल्ली ती सून म्हणूनच खाल्ली.

नवरा मालाचा ट्रक चालवायचा, घरी कमी आणि रस्त्यावर जास्त. मुलगा शिकायला बाहेरगावी. घरात उरल्या दोघी. सासूबाईंनी उभा जन्म पोस्टाच्या खिडकीमागे बसून लोकांना रांगेत उभं केलेलं, त्यामुळे आवाजात अजून तोच कडकपणा. पण अर्धांगाचा झटका आला आणि डावा पाय नावापुरता उरला. पलंगावरून कमोडच्या खुर्चीवर जायचं म्हणजे सूनबाईने पुढ्यात वाकायचं, सासूबाईंनी तिच्या गळ्यात हात टाकायचे, तिने काखेखाली धरून उचलायचं, अर्धी गिरकी घ्यायची आणि अलगद बसवायचं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण या दोघींनी एकमेकींना कधी मिठी मारली नव्हती. आता दिवसातून सात-आठदा मारत होत्या, तीही तोंडं दोन दिशांना करून.

सूनबाई कामाला होती ते चष्म्याचं दुकान त्याच इमारतीत खाली होतं, ही एक सोय. सासूबाईंच्या उशाशी एक बटण ठेवलेलं. ते दाबलं की दुकानात, फ्रेमांच्या कपाटामागे, पाखरू ओरडल्यासारखी घंटी वाजायची. मग सूनबाई हातातला बारीक स्क्रू तसाच डबीत टाकून जिन्याने वर पळायची. मालक घड्याळाकडे बघायचा. तोंडाने काही बोलायचा नाही, पण बघायचा.

सकाळचा तास तेवढा तिचा स्वतःचा. सासूबाई पहाटे गाढ झोपत, तेव्हा ती हॉलवर जायची. घरी मात्र सांगितलेलं, "फिरायला जाते." फिरणं म्हटलं की औषध, आणि बॅडमिंटन म्हटलं की चैन! सासूबाईंनीच उलट तिला ढकललं होतं. "जा की जरा मोकळ्या हवेत. मी कुठे पळून जातेय?" असं म्हणणाऱ्या बाईला खरं सांगायला खरं तर काहीच हरकत नव्हती. पण एकदा फिरायला म्हटलं ते म्हटलं.

आता रॅकेटचं ऐका. जुनी रॅकेट तुटली म्हणून ती नवी घ्यायला गेली, तर दुकानदाराने तिला एकवार वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि एक गुलाबी रॅकेट पुढे केली. "ही घ्या, हलकी आहे. लेडीजना बरी पडते." झालं, सूनबाईच्या डोक्यात तिडीक गेली. वर एक काळी रॅकेट टांगलेली होती. हॉलवरची एक उंच, ताडमाड कॉलेजकन्या तसलीच घेऊन खेळायची, आणि तिने स्मॅश मारला की समोरचा माणूस शटल कुठे पडलं ते शोधत बसायचा. सूनबाईने बोट वर केलं. "ती द्या."

"ती कडक आहे हो. दांडी वाकत नाही, वजन सगळं डोक्याकडे. जोराचा हात लागतो तिला."

"या हाताने मी रोज माणूस उचलते," सूनबाई म्हणाली. "द्या."

दुकानदार गुलाबी रंगाच्या बाबतीत आगाऊ असेल, पण बाकी खोटं बोलत नव्हता. तसली दांडी वाकवायला हाताला विजेचा वेग हवा. तो नसला की दांडी ढिम्म हलत नाही आणि प्रत्येक फटक्याचा दणका सरळ कोपरात येऊन बसतो. सूनबाईच्या कोपरात तो बसत गेला. आधी नुसती कळ यायची, मग बरणीचं झाकण फिरेना, मग भरली किटली उचलताना डोळ्यांत पाणी. दुकानात एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याला स्क्रू बसवताना स्क्रूड्रायव्हर निसटला आणि नव्या काचेवर ओरखडा उमटला. तरी रॅकेट बदलायची नाही. बदलली असती तर तो दुकानदार जिंकला असता, आणि त्या माणसाला तर हे युद्ध चालू आहे याचा पत्ताही नव्हता.

एका रविवारी नणंद आईला भेटायला आली. ही नणंद धाकटी, पण बोलणं थोरलीचं. आईचे केस असे का विंचरले, खिडकी बंद का, चहा इतका पांचट का, असं तिचं घरात पाऊल टाकल्यापासून सुरू व्हायचं. सूनबाईने कितीही राबावं, हिच्या तोंडून एक बरा शब्द कधी निघाला नव्हता. त्या दिवशी तिच्यासमोरच सूनबाई सासूबाईंना उठवायला वाकली आणि अर्ध्यातच कोपराने दगा दिला. सासूबाई धपकन पुन्हा पलंगावर बसल्या.

"काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं.

"काही नाही. हात जरा दुखतोय."

"दुखणारच!" नणंद म्हणाली. आणि मग जे कधी घडलं नव्हतं ते घडलं. तिने सूनबाईचा हात आपल्या हातात घेतला. "आईला उचलून उचलून झालंय हे. वहिनी, खरं सांगते, तू म्हणून करतेस गं. माझ्याच्याने नसतं झालं."

सूनबाईने तोंड उघडलं होतं. अगदी खरं सांगायलाच उघडलं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा मिळालेलं कौतुक कुणी थुंकून टाकतं का? तिने ते गिळलं. "चालायचंच," असं काहीतरी पुटपुटली आणि चहा करायला आत गेली. तो चहा नणंदेने पांचट म्हटला नाही.

खोटं बोलायला तिला एकदाही तोंड उघडावं लागलं नाही, हीच तर गंमत. बाकीच्यांनी सगळं परस्पर केलं. नणंदेने नातेवाइकांत फोन फिरवले. कोण कुठली चुलत सासू, तिचा फोन आला की "सून असावी तर अशी." नवऱ्याने भरल्या आवाजात "माझ्या आईसाठी तू..." एवढंच म्हणून फोन ठेवला आणि पुढच्या फेरीहून येताना कोपराला बांधायचा चांगल्यातला पट्टा घेऊन आला. नणंद हट्टाने डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरने कोपर दाबून विचारलं, "वजन उचलता? की काही खेळता वगैरे?" सूनबाईने नणंदेकडे पाहिलं. नणंदच बोलली, "खेळायला वेळ कुठाय हो तिला!" सूनबाई मान खाली घालून बसली. डॉक्टरला वाटलं, बाई विनयशील आहे.

आणि एवढं होऊन ती खेळायला जातच राहिली! आता हे सांगताना मलाच लाज वाटते, पण सांगायला हवं. नवऱ्याने आणलेला पट्टा बांधला की कळ कमी व्हायची, आणि कळ कमी झाली की काळी रॅकेट जरा जोरात फिरायची. आईला उचलायला म्हणून आणलेला पट्टा हॉलवर स्मॅश मारायच्या कामी आला. मनातल्या मनात तिला ते टोचायचं. रात्री सासूबाई तिच्या कोपराला मलम चोळत, त्या सुरकुतलेल्या बोटांनी, हळूहळू, तेव्हा तर तिला भिंतीत शिरावंसं वाटायचं. उद्या सांगू, असं ती ठरवायची, आणि पहाटे बूट घालून बाहेर पडायची.

पुढे एक गोष्ट तिच्या लक्षात आली. दुकानातली घंटी कमी वाजू लागली होती. आधी सकाळच्या वेळात तीन-तीनदा वर पळावं लागे, आता एकदा. कधी तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत पाखरू गप्पच. मालकाने घड्याळाकडे बघणं सोडलं. सूनबाईला हायसं वाटलं. का कमी वाजते, असा प्रश्न तिला पडला नाही. ज्याच्यातून आपल्याला आराम मिळतो त्याची चौकशी करायला कोण जातं! संध्याकाळी पाण्याचा तांब्या जवळजवळ भरलेला दिसायचा, तर तिला वाटायचं, आज त्यांना तहान नसेल. उठवताना सासूबाई आताशा हलक्या लागत, तर तिला वाटायचं, आपल्याला सवय झाली. खरं म्हणजे सासूबाई उजव्या पायावर जीव एकवटून स्वतःच उठू बघत होत्या आणि ओठ घट्ट मिटून घेत होत्या.

एका सकाळी हॉलवर तिचा खेळ असा काही लागला की विचारू नका. एक स्मॅश तर थेट रेषेवर बसला आणि त्या ताडमाड मुलीने स्वतः टाळ्या वाजवल्या. सूनबाई तरंगत घरी आली.

सासूबाई पलंगाच्या कडेला तिरक्या पडल्या होत्या. अंग तापलेलं, जीभ कोरडीठाक, डोळे उघडे पण ओळख नाही. "रांगेत या, रांगेत या," असं काहीतरी भिंतीकडे बघून बडबडत होत्या. तिने ओरडून शेजाऱ्यांना बोलावलं, डॉक्टरला फोन केला, नणंदेला केला.

डॉक्टरांनी घरीच येऊन सलाईन लावलं. लघवीत जंतू झालेत, म्हणाले, आणि शरीरातलं पाणी पार आटलंय. "या पाणी पितात की नाही?"

दुपारपर्यंत ताप उतरला, नजर ताळ्यावर आली, तेव्हा डॉक्टरांनी सासूबाईंनाच तेच विचारलं. नणंद पायाशी बसली होती, सूनबाई दाराला टेकून उभी होती.

"प्यायचे," सासूबाई खोल गेलेल्या आवाजात म्हणाल्या, "पण बेताने. पाणी प्यायलं की जावं लागतं. जायचं म्हणजे हिने उचलायचं. माझ्यापायी हात गेलाय बिचारीचा. मी म्हटलं, तेवढंच एक माझ्या हातात आहे."

नणंदेने पदराने डोळे पुसले आणि सूनबाईकडे असं पाहिलं, जसं देवळात देवीकडे बघावं. सूनबाईला ती नजर सोसवेना. ती स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून तशीच उभी राहिली. त्या बाईला घरातलं पाणी प्यायची भीती वाटली, ती आपल्यामुळे. तहान लागली असेल, तांब्या हाताशी असेल, आणि तरी हात मागे घेतला असेल. किती वेळा? आणि आपण त्याच वेळी कुठे होतो? ती जमिनीवर बसली आणि तोंडावर ओढणी दाबून रडली.

सलाईन काढल्यावर, दुसऱ्या दिवशी, नणंद औषधं आणायला खाली गेली तेव्हा ती सासूबाईंच्या पलंगापाशी आली. स्टूल होतं, पण बसली नाही.

"आई, माझा हात तुमच्यामुळे नाही दुखत."

"असू दे गं. आता तू मला बरं वाटावं म्हणून बोलू नकोस."

"नाही, ऐका. मी सकाळी फिरायला जात नाही. बॅडमिंटन खेळते. नवी रॅकेट घेतली, ती मला झेपत नाही. त्याने दुखतो. तुम्हाला उचलण्याने नाही."

सासूबाई तिच्याकडे बघत राहिल्या. पोस्टाच्या खिडकीतल्या बाईने खोटी सही ताडून पाहावी तसं बघितलं.

"आणि हे तुला पहिल्यापासून माहीत होतं?"

"हो."

"माझी लेक फोनवर सगळ्यांना सांगत होती तेव्हा?"

"हो."

"मी रात्री मलम लावत होते तेव्हा?"

सूनबाईने होकाराची मान हलवली.

"खेळली असतीस की," सासूबाई म्हणाल्या. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "मी काय नको म्हटलं असतं? घरी येऊन मला सांगितलं असतंस, आज जिंकले, आज हरले. मला तेवढीच करमणूक. अगं, पडल्या पडल्या मी छत मोजत असते दिवसभर."

सूनबाई रडायला लागली. सासूबाईंनी तिला गप्प केलं नाही. रडू दिलं. मग म्हणाल्या, "लेकीला तू सांगायचंस. ती वर आली की. मी नाही सांगणार."

"सांगते."

"चुलत सासूलासुद्धा."

"सांगते, आई."

"पाणी दे."

तिने पेला भरून दिला. सासूबाईंनी तो थेंबही न ठेवता संपवला आणि पुढे केला. तिने पुन्हा भरला. तोही संपला. मध्येच दम लागला, तरी त्या पीत राहिल्या, आणि पेल्याच्या काठावरून नजर सुनेवरून हलली नाही. तिसरा पेला रिकामा करून त्यांनी तो बाजूला ठेवला. थोड्या वेळाने म्हणाल्या, "चल, उचल."

सूनबाई वाकली. गळ्याभोवती हात आले. तिने काखेखाली धरलं आणि पहिल्याच झटक्याला कोपरातून कळ थेट खांद्यापर्यंत गेली.

"दुखतोय?" सासूबाईंनी तिच्या कानाशी विचारलं.

"हो."

"दुखू दे," त्या म्हणाल्या, आणि इतके दिवस उजव्या पायावर तोलून धरलेलं सगळं वजन त्यांनी तिच्यावर टाकलं.

जिन्यात नणंदेची पावलं वाजत होती. सूनबाईने सासूबाईंना दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि हूं की चूं न करता वळायला लागली.