एवढा स्पष्ट लांडगा

जामखेडच्या पुढे आमच्या गावाचं गायरान आहे. आहे म्हणजे होतं. गवत, दगड आणि त्या दगडांच्या आडोशाला एका लांडगिणीचं बीळ, पिल्लांसकट. तिथं सोलरच्या काचा बसवायचं ठरलं, तेव्हा पाहणीला आलेले साहेब मला म्हणाले, "लांडगा असल्याचा फोटो आणा. अहवालात नोंद करतो. नोंद झाली की कंपनीला दुसरी जागा बघावी लागेल."

मला उकळ्याच फुटल्या! हरणांचे आणि पाखरांचे फोटो दाखवून आयुष्यभर पाहुण्यांना पळवून लावलेल्या माणसाला अखेर कुणीतरी फोटो मागितला होता.

पहाटे मित्राच्या जीपमधून निघालो. या जीपचा स्टार्टर मेलेला. त्यामुळे एकदा चालू झाली की घरी येईपर्यंत बंद करायची नाही, हा तिचा धर्म. बिळासमोर थांबलो. लांडगीण बाहेर आली, जांभई दिली आणि चालू लागली. खिडकीच्या काठावर टेकवलेली माझी लांबलचक लेन्स इंजिनाबरोबर थडथडत होती.

"अरे, बंद कर की!" मी कुजबुजलो.

"आन् मग ढकलायला कोन? ती?" मित्रानं लांडगिणीकडं हनुवटी केली.

फोटोत नुसता करडा धूर आला. साहेबांनी मान वाकडी करून बघितलं. "हे कुत्रं आहे हो."

मग मी नाटकाच्या पहिल्या प्रयोगाच्या आधी करावी तशी तयारी केली. जुन्या पँटचा पाय कापून त्यात ज्वारी भरली, दोन्ही तोंडं शिवली. लेन्सला उशी झाली. बायको म्हणाली, "आता लांडगिणीला खणनारळ पण न्या, म्हणजे नीट बसेल फोटोला."

लेन्स जितकी लांब, तितका हाताचा बारीकसा कंपही मोठा दिसतो, आणि चालतं जनावर तर आपोआप पुसलं जातं. म्हणून शटर सेकंदाच्या हजाराव्या भागावर नेलं. एवढ्या वेगात पहाटेचा उजेड पुरत नाही, तेव्हा उजेड ओढून घेणारा आयएसओ चढवला. फोटो खरखरीत झाला तर होऊ दे. कोपर बरगडीला लावायचं, श्वास अर्धा सोडायचा, बोट अलगद दाबायचं. राहिली जीप. ती बिळासमोरच्या पाझर तलावाच्या बांधावर उताराला लावायची, म्हणजे इंजिन बंद करता येईल आणि निघताना ब्रेक सोडून चालू करता येईल.

काही पहाटा वाया गेल्या. मग एकदा लांडगीण पिल्लू तोंडात धरून समोरून आली. काय फोटो सांगू! मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. पिल्लाच्या पोटाला चिकटलेलं कुसळही दिसत होतं.

साहेबांनी मोबाईलवर तो मोठा करून करून पाहिला. मग खुशीत हसले. "एआयनं काय मस्त करतात हो आजकाल!"

"साहेब, कॅमेऱ्यातलं कार्ड दाखवतो. नाहीतर चला ना, बिळापाशीच चला."

"अहो, एवढा स्पष्ट लांडगा असतो का कुठं? खरा फोटो जरा हललेलाच असतो."

मित्राला राहवेना. "साह्यब, हालला तवा कुत्रं म्हनला. आता न्हाई हालला तर खोटा म्हनता. लांडग्यानं करावं तरी काय?"

साहेबांना तो विनोद फार आवडला. त्यांनी आम्हाला चहा पाजला.

अहवालात आलं: पाहणीत वन्यप्राणी आढळले नाहीत. जेसीबीनं बीळ बुजवलं. लांडगिणीनं पिल्लं आधी हलवली होती की नाही, कुणालाच माहीत नाही. ती काही दिवस तारेच्या कुंपणाला घासून फिरताना दिसायची. उजेड चांगला असायचा. मी कॅमेरा नेला नाही.

परवा साहेबांचा फोन आला. "तो पिल्लाचा फोटो मोठा करून द्या ना. केबिनमध्ये लावायचाय. खाली तुमचं नाव टाकू." फारच गोड बोलले. "अगदी खऱ्यासारखा आहे हो!"