गोलात उभा राहिलो तो हंगाम

सांगलीच्या कॉलेजात मी गेलो तेव्हा लढाई ऐन भरात होती. आमचं गाव कराडच्या अलीकडं. घरी ऊस, जोंधळा, आई, आबा आणि मी. थोरला भाऊ, त्याला मी दादा म्हणायचो, पलटणीत होता. धाकट्याला शिकवायचंच हा हट्ट त्याचा. रजेवरून परत जाताना त्यानं आबांकडून तसं वदवून घेतलं होतं, म्हणून मी कॉलेजात.

पहिल्याच दिवशी बोर्डिंगच्या पंगतीत मी वाढप्याला म्हणालो, "आमटी लय झ्याक झालीया, आजून वाईच वाढा." सगळी पंगत हसली. कुणीतरी माझ्याच सुरात "आजून वाईच" म्हणालं आणि पुढं कितीतरी दिवस तेच माझं नाव झालं. वाईट हेतू कुणाचा नव्हता. शहरातली मुलं होती, हसायला काहीतरी हवंच असतं. पण मी जेवताना बोलणं बंद केलं, आणि मग हळूहळू एकूणच बोलणं बंद झालं. खोलीत दुसरी खाट होती, ती रिकामी. तिच्यावरचा विद्यार्थी आदल्या वर्षीच्या चळवळीच्या धामधुमीत कॉलेज सोडून गेला होता, तो परतलाच नाही. त्या खाटेवर मी पुस्तकं मांडली. आठवड्यातून एकदा दादाला पत्र लिहायचो, तेवढंच काय ते मनापासून बोलणं. त्याची उत्तरं महिना-महिन्यानं यायची, मधल्या ओळी काळ्या शाईनं खोडलेल्या. तो कुठं आहे हे त्याला लिहिता येत नसे. "खुशाल आहे, थंडी आहे" किंवा "खुशाल आहे, पाऊस आहे" यावरून मी अंदाज बांधायचो.

संध्याकाळी करण्यासारखं काही नसे म्हणून मी मैदानावर जाऊन बसायचो. फुटबॉल मी तोवर पाहिलासुद्धा नव्हता. पोरं बहुतेक अनवाणीच खेळायची. गोलाला जाळी नव्हती, दोन खांब आणि वर आडवं लाकूड. मी खांबांच्या मागं बसायचो. एकदा चेंडू खांबांवरून जोरात माझ्या अंगावर आला. मी उठून तो छातीशी झेलला आणि परत फेकला. थोड्या वेळानं पुन्हा तसंच झालं. गणिताचे सर धोतराचा काचा मारून मुलांना खेळवायचे. ते चालत माझ्याकडं आले.

"झेलायला कुठं शिकलास रे?"

"गंजीवर," मी म्हणालो. त्यांना कळेना, तेव्हा सांगावं लागलं. कडब्याची गंजी रचताना खालचा गडी पेंढ्या वर फेकतो, वरचा झेलून लावतो. वरचा चुकला तर पेंढी तोंडावर येते. आमच्याकडं वरचा गडी मीच.

मुलं हसली. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "उद्यापासून खांबांच्या पुढं उभा राहा."

असा मी कॉलेजच्या संघात गोली झालो. मला वाटलं होतं, आता अकरा जणांत आपण एक. पण गोलीचं काम निराळं असतं हे पहिल्या सामन्यातच कळलं. मिरजेत सामना होता. पहिल्या दहा मिनिटांत आमच्या पोरांनी समोरच्यांना त्यांच्या गोलापाशी कोंडून धरलं. माझ्याकडं चेंडू येईचना. मग पार पलीकडं आरडाओरड झाली, धूळ उडाली, आमची पोरं एकमेकांच्या गळ्यात पडली. गोल झाला होता. मीही दोन्ही हात वर करून ओरडलो आणि त्यांच्याकडं धावत सुटलो. निम्म्या मैदानापर्यंत पोचलो तोवर ते गळ्यातून सुटून आपापल्या जागी परत निघाले होते. कॅप्टन ओरडला, "अरे, गोल सोडून कुठं आलास? मागं जा!" मी मागं गेलो. दुसऱ्या गोलाच्या वेळी मी जागचा हललो नाही. त्या हंगामात आमच्या संघानं बरेच गोल केले, आणि प्रत्येक वेळी मी तो आनंद लांबून पाहिला.

आमच्यावर गोल झाला की मात्र सगळे माझ्याकडं पाहायचे. बोलायचं कुणी नाही. चेंडू आणायला मागं जायचं काम माझंच. तो आणून मध्यभागी फेकेपर्यंत सगळं मैदान माझ्या पाठीकडं बघतंय असं वाटायचं.

कॅप्टन सांगलीतल्या एका वकिलांचा मुलगा. उंच, गोरा, मितभाषी. कोल्हापूरचा सामना जिंकून आलो तेव्हा त्यानं सगळ्या संघाला घरी जेवायला बोलावलं. आत स्वयंपाकघरालगत पानं मांडली होती. त्याच्या आईनं प्रत्येकाला गाव विचारलं, आडनाव विचारलं. माझं ऐकल्यावर त्यांनी माझं पान उचलून बाहेर ओटीवर मांडलं. फार मायेनं मांडलं, खाली पाट दिला, भोवती रांगोळीसुद्धा ओढली. मला त्यात नवल वाटलं नाही. तो काळच तसा होता. मी बसलो, पहिला घास घेतला. आतून पोरांच्या हसण्याचा आवाज येत होता. एवढ्यात कॅप्टन आपलं ताट घेऊन बाहेर आला आणि माझ्याशेजारी जमिनीवर मांडी घालून बसला.

आतून त्याची आई म्हणाली, "अरे, तू का उठलास भरल्या ताटावरून?"

"इथं वारा बरा आहे," तो म्हणाला.

त्यानंतर तो जेवण होईपर्यंत एक शब्द बोलला नाही, मीही नाही. मला काहीतरी म्हणायचं होतं, पण तोंडातून आपलं गावठी काहीतरी बाहेर पडेल या धास्तीनं मी गप्प राहिलो. आजही वाटतं, तेव्हा बोलायला हवं होतं.

संक्रांतीनंतर दादाचं पत्र आलं नाही. आधीही कधी उशीर व्हायचा, म्हणून मी लिहीतच राहिलो. हंगामाचा शेवटचा सामना साताऱ्याला होता. सातारा म्हणजे आपला मुलूख. मी आबांना कार्ड टाकलं, अमक्या दिवशी दुपारी चार वाजता सामना आहे, जमलं तर या. ते येतील असं मनात नव्हतं. ऊसतोड चालू होती, आणि चेंडू बघायला कोण एवढ्या लांब येणार?

लढाईमुळं पेट्रोल मिळत नसे, म्हणून सांगलीहून आम्ही कोळशाच्या गॅसवरच्या मोटारीनं निघालो. वाटेत प्रत्येक चढावर सगळे उतरून मोटार ढकलत होते. ढकलताना मात्र मी त्यांच्यात होतो, खांद्याला खांदा लावून. साताऱ्यात उतरलो तेव्हा अजिंक्यताऱ्यावर ऊन होतं आणि वारा बोचरा सुटला होता. सामना सुरू झाला, आणि मला कडेला आबा दिसले. पांढरा पटका, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. माझ्या गोलापासून वीसेक पावलांवर एकटेच उभे होते.

मला काय झालं ते सांगता येत नाही. त्या दिवशी मी जसा खेळलो तसा आधी कधी खेळलो नव्हतो आणि पुढंही नाही. समोरचा संघ आमच्याहून तगडा होता. चेंडू सारखा माझ्याकडंच येत होता. मी पायांत लोळण घेतली, खांबावर कोपर फोडून घेतलं, पण सोडला नाही. दर वेळी चेंडू लांब फेकला की मी आबांकडं बघायचो. ते हलत नव्हते. हाफ टाइमला बाजू बदलली, तसे तेही मैदानाला वळसा घालून सावकाश माझ्या नव्या गोलापाशी येऊन उभे राहिले. शेवटची पाचेक मिनिटं उरली असताना आमच्याच बॅकच्या पायाला लागून चेंडू वळला आणि आत गेला. आम्ही एका गोलानं हरलो. पण शिट्टी झाल्यावर सर पळत आले आणि त्यांनी माझी पाठ थोपटली. कॅप्टननंही हात हातात घेतला.

मी आबांकडं गेलो.

"आवं आबा, कवा आलासा?"

"सकाळीच आलोय." ते माझ्या कोपराकडं बघत होते. "रगात येतंय बग."

"येऊ द्या. कसा झाला खेळ?"

आबा हळूच म्हणाले, "तुजं त्यास्नी काय भांडान झालंया का रं?"

"कुणाशी?"

"त्या पोरांशी. ती सगळी तिकडं, आन तू एकलाच हिकडं. दीड तास बगतोय मी. कुनी तुज्याशी बोलंना, कुनी जवळ ईना."

मला हसू आलं. मी त्यांना सांगितलं की भांडण नाही, गोलीचं कामच तसं असतं. सगळे पुढं गेले तरी एकानं जागा सोडायची नसते.

आबांनी मान हलवली. मैदानाकडं बघत म्हणाले, "मग दादालाबी आसंच कुटंतरी एकलं हुबं केलं आसंल."

त्यांच्या आवाजात काहीतरी होतं. मी विचारलं, "दादाचं पत्र आलं का?"

"सरकारी कागद आलाय. त्योच घिऊन सोल्जर बोर्डाच्या कचेरीत आलतो सकाळी. सायबानं वाचून दावला." त्यांनी बंडीच्या खिशाला हात लावला, कागद काढला नाही. "सापडंना म्हनत्यात. ब्रह्मदेशात. मेलाय आसंबी म्हनत न्हाईत."

म्हणजे ते माझ्या कार्डामुळं आले नव्हते. कार्ड पोचलंच नव्हतं. मोटार स्टँडाकडं जाताना रस्त्यात कुणीतरी सांगलीच्या कॉलेजाचं नाव घेतलं म्हणून वळले होते.

"मग मला आल्या आल्या का न्हाई सांगितलं?"

"तू खेळत हुतास," आबा म्हणाले.

मी सरांना विचारून तिथूनच आबांबरोबर घरी गेलो. कॅप्टन मोटार स्टँडापर्यंत आला. त्यानं आबांना नमस्कार केला आणि माझी ट्रंक पुढच्या आठवड्यात कराडला कुणाबरोबर तरी पाठवतो म्हणाला. पाठवलीही. पुस्तकं नीट कागदात बांधलेली होती.

महिनाभर मी गावी राहिलो. आई रोज पोस्टमनच्या वाटेकडं तोंड करून निवडण-टिपण करत बसायची. परीक्षेच्या तोंडावर परत गेलो तोवर हंगाम संपला होता. संघाचा फोटो माझ्यावाचून काढून झाला होता. तो जिमखान्याच्या भिंतीवर लागला. दहा जण आणि सर. पाहुण्याला दाखवताना कुणी म्हणायचं, यात गोली नाही. कॅप्टन पदवी घेऊन मुंबईला गेला. त्याला मी एक पत्र लिहिलं, उत्तर आलं की नाही ते आठवत नाही. बहुधा मी ते टाकलंच नसावं.

पुढची दोन वर्षं मी गोलात उभा राहिलो. बोलायला लागलो होतो, मित्रही दोन झाले. दादाला पत्र लिहायची सवय मात्र सुटेना. पत्ता नव्हता, म्हणून वहीत लिहायचो. मग तेही थांबलं.

लढाई संपल्यावर एका सकाळी तार आली, आणि आठ दिवसांनी दादा कराड स्टेशनवर उतरला. शत्रूच्या कैदेत होता. आईनं त्याला ओळखलं नाही, त्यानंच तिला हाक मारली. गावानं ओवाळलं, साखर वाटली. त्यानंतर दादा गप्प झाला. कुणी काही विचारलं तर "व्हय" किंवा "न्हाई". मी परीक्षा देऊन सुट्टीला घरी आलो होतो. इतकी वर्षं मनात साठवलेलं सगळं याला सांगायचं असं ठरवलं होतं. तो समोर बसला की मला एक वाक्य सुचायचं नाही. त्यालाही नसावं.

त्या उन्हाळ्यात आम्ही दोघं उसाला पाणी पाजायचो. तो वर मोटेच्या पाटापाशी, मी खाली शेवटच्या सरीला. मधे डोक्याइतका उंच ऊस, एकमेकांना दिसत नसू.

"आलं का रं पानी?" तो वरनं ओरडायचा.

"आलं," मी म्हणायचो.

मग बऱ्याच वेळानं पुन्हा, "भरलं का रं?"

"भरलं. सोड म्होरं."

सगळा उन्हाळा आम्ही एवढंच बोललो.