उणे साडेनऊचा डोळा

चष्मेवाल्या बाईंना माणसांची नावं लक्षात राहत नसत, नंबर राहत. गल्लीतून जाताना कुणी हात केला की त्या भाचीला विचारायच्या, "हे पावणेदोनवाले ना गं?" वडिलांच्या मागे दुकान त्यांनी एकटीनं सांभाळलं होतं. पुढच्या खोलीत काउंटर आणि भिंतीवर अक्षरांचा तक्ता, मागच्या खोलीत काचा घासायचं यंत्र आणि पांढऱ्या भुकटीनं माखलेला ॲप्रन. आसपासच्या छोट्या गावांतले दुकानदार डोळे तपासून नंबरचा कागद पाठवत आणि काचा बाई करून देत. अवघड काच म्हटली की ती हमखास याच पत्त्यावर येई.

वय चौपन्न, लग्न नाही. का, असं कुणी विचारलंच तर त्या म्हणत, "नंबर जुळला नाही." माणसं हसत आणि विषय तिथेच मिटे.

खरं तर जुळला होता. एकोणतीस वर्षांपूर्वी एक मोजणीदार दुकानात आला होता. रस्ते आणि बोगदे आखण्याचं त्याचं काम. त्याचा उजवा डोळा उणे साडेनऊ, डावा चक्क शून्य, म्हणजे अगदी निर्दोष, आणि उजव्यात सतरा अंशांच्या अक्षावर तिरपेपणा.

"असला डोळा मी जन्मात पाहिला नाही," बाई म्हणाल्या. "तू एकाच डोळ्यानं जग बघतोस."

"पुरतं," तो म्हणाला. "आज तर पुरून उरलं."

पुढच्या चार महिन्यांत तो सहा वेळा चष्म्याची निखळलेली दांडी घेऊन आला. सातव्या वेळी वडिलांनी चष्मा स्वतःच्या हातात घेतला, निरखून पाहिला आणि म्हणाले, "स्क्रू आपोआप निघत नाही, काढावा लागतो. लग्नाचं कधी बोलायचं?"

लग्न ठरलं. त्याआधी डोंगरातल्या एका बोगद्याचं काम उरकून येतो म्हणून तो गेला. पाच पत्रं आली, सहावं आलं नाही. बाईंची पत्रं मात्र जशीच्या तशी परत आली. वडिलांना घेऊन त्या तिथे जाऊन पोहोचल्या, तर छावणी उठलेली आणि पत्र्याच्या खोल्यांना कुलपं. एकटा पहारेकरी म्हणाला, "मोठा स्फोट झाला. वाचलेल्यांना कुठकुठल्या दवाखान्यांत नेलं, कुणास ठाऊक." मेलेल्यांच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. बाईंनी ती यादी तीनदा वाचली. त्यानंतर जी जी स्थळं आली, त्यांना त्यांनी नकार दिला.

आणि एका मंगळवारी टपालातून चार तासांवरच्या एका गावाचा कागद आला. नाव नाही, नुसता अनुक्रमांक. उजवा उणे साडेनऊ, डावा शून्य, अक्ष सतरा.

बाई स्टुलावर बसल्या. "हा त्याचाच," त्या म्हणाल्या.

"मावशी, नंबर म्हणजे काय बोटांचा ठसा आहे?" भाची म्हणाली. "दुसऱ्या कुणाचा असू शकत नाही?"

"लाखात एक."

"मग एवढ्या मोठ्या जगात असतील की असे हजारो!"

"असू देत. मला त्यातला एकच हवाय."

काच त्यांनी स्वतः घासली. दोनदा मोजली, तिसऱ्यांदा उगाच. रविवारी सकाळच्या बसनं त्या निघाल्या, तेव्हा मांडीवर डोळे तपासायची लाकडी पेटी होती. "ही कशाला?" सोडायला आलेल्या भाचीनं विचारलं. "खात्री करायला," त्या म्हणाल्या. "तोंड बदलतं, डोळा फसवत नाही."

त्या गावचा दुकानदार चष्मा बघून खूश झाला. "ताई, तुम्ही स्वतः आलात? वाचनालयातल्या पोरीचा आहे हा. पंचविशीची आहे, हुशार आहे."

पोरीचा! बाईंनी कपाळावर हात मारला. तो आता सत्तावन्नचा; त्या वयाच्या माणसाच्या कागदावर जवळचं वाचायचा वेगळा नंबर नसेल का? एरवी झोपेतसुद्धा ही चूक त्यांनी पकडली असती. आशेपुढे अक्कल गहाण पडली होती. आणि असा डोळा घराण्यातूनच येतो. म्हणजे मुलगी त्याची. म्हणजे संसार झाला.

परतीची बस उभीच होती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. एवढं आलेच आहे तर शेवटपर्यंत जाते, त्या मनाशी म्हणाल्या. सुखात आहे, एवढं कळलं तरी पुष्कळ.

वाचनालयातल्या मुलीनं चष्मा घातला, समोरच्या कपाटातली पुस्तकांची नावं धडाधड वाचली आणि टाळी वाजवली. "हा तुम्ही केलात? काकांना खरंच वाटणार नाही. ते म्हणतात, आपल्या घराण्याचा हा डोळा जगात एकाच दुकानाला कळला होता."

"काका?" बाईंनी विचारलं. "वडील नव्हेत?"

"वडिलांचे दोन्ही डोळे धडधाकट! हा डोळा काकांचा आणि माझा."

"आणि... तुझ्या काकू?"

"काकू कुठली! काकांनी लग्नच केलं नाही."

बाईंनी पेटी काखेत मारली. "चल," त्या म्हणाल्या, "मला तिकडे घेऊन चल. आत्ता."

गावाबाहेर त्याची रोपवाटिका होती. ओळीनं लावलेली रोपं, ओल्या मातीचा वास, आणि मधोमध बाकावर जाड चष्म्याचा एक माणूस बोटांनी चाचपून कलम बांधत होता. पावलं ऐकून त्यानं मान वर केली. "कोणतं रोप पाहिजे?"

"रोप नको," बाई म्हणाल्या. "माणूस पाहिजे."

त्याच्या हातातली दोरी सुटली. आवाज ओळखून तो उठून उभा राहिला. मग हळूच म्हणाला, "तुझं तर लग्न झालं होतं."

"कुणी सांगितलं?"

हळूहळू सगळं बाहेर आलं. स्फोटात त्याचा डावा, चांगला डोळा गेला. चार महिने दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. दुसऱ्याकडून पत्र लिहून घ्यायची लाज वाटली. चालता येऊ लागल्यावर तो थेट बाईंच्या गल्लीत आला, तर दुकानाला फुलांचं तोरण आणि दारात गर्दी. शेजारचा न्हावी म्हणाला, "चष्मेवाल्यांच्या मुलीचं लग्न आहे." तो कोपऱ्यावरूनच माघारी फिरला.

"माझ्या धाकट्या बहिणीचं लग्न होतं ते!" बाई कडाडल्या. "चष्मेवाल्यांना दोन मुली होत्या, हे तुला ठाऊक नव्हतं?"

"ठाऊक होतं," तो म्हणाला. "पण एक डोळा गेलेला, नोकरी गेलेली. तू दुसरा केलास हेच बरं, असं मीच ठरवून टाकलं. न्हाव्यानं फक्त होकार दिला."

"एकोणतीस वर्षं! एका न्हाव्याच्या शब्दावर!" बाई रडत होत्या आणि भांडत होत्या, आणि दोन्ही मनापासून. मग पदरानं डोळे पुसून त्यांनी दरडावलं, "बस इथे. तो चष्मा काढ."

चष्मा उजेडात धरून फिरवल्यावर त्या पुन्हा भडकल्या. कुठल्याशा नेत्रशिबिरात कुणी गाढवानं सतराच्या जागी एकाहत्तर अक्ष बसवला होता. वीस वर्षं तो हाच चष्मा घालत होता, आणि उरलेला डोळाही आता संपत आला असं धरून गप्प बसला होता.

पेटीतली चौकट त्याच्या नाकावर चढली. बाईंनी काच बसवली आणि हळूहळू फिरवली. "आता?"

"धूसर."

"आता?"

"थांब. थांब!" त्यानं हात वर केला. "कुंपणापलीकडच्या झाडाला पानं आहेत. सुटी सुटी." मग मान वळवून तो बाईंकडे बघतच राहिला. "तुझे केस पांढरे झाले."

"तुझे तर गेलेच," बाई म्हणाल्या. पुतणी एवढ्या मोठ्यानं हसली की रोपांना पाणी घालणारी मजूरबाई धावत आली.

नव्या काचा आठवड्यात तयार झाल्या. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळा चांगला ठणठणीत आहे, आता त्याला वापरा. दीड महिन्यानं नोंदणी कार्यालयात सह्या झाल्या. साक्षीदार म्हणून एका बाजूनं भाची आणि दुसऱ्या बाजूनं पुतणी. राहायचं कुठे यावर वाद झाला, तेव्हा बाईंनी निकाल दिला: चार दिवस दुकान, तीन दिवस रोपवाटिका, आणि दोघांनी मिळूनच जायचं. एकट्यानं बोगद्याकडे जायची परवानगी कुणालाच नाही.

सह्या करून दोघं गल्लीत उतरली ती भर दुपारी. रिक्षा होती, तरी बाईंनी ती सोडून दिली. त्याचा हात धरून त्या रस्त्याच्या मधोमध चालल्या होत्या, आणि समोर येईल त्याला थांबवून सांगत होत्या, "हे माझे यजमान. जरा उशिरा आले, पण आले."