बाजूच्या सीटचं वजन

आमच्या घरात नवरा-बायकोचं बोलणं गिअर आणि बोटीच्या पंख्यांवर व्हायचं, असं सांगितलं की लोक हसतात. नागपूरला कुठला आलाय समुद्र! पण तलाव आहे ना. ऐंशी सालच्या आसपास इथल्या काही हौशी लोकांनी मुंबईकडून वेगाच्या जुन्या बोटी आणल्या होत्या, आणि त्या अडल्या की आमच्याकडे यायच्या. ह्यांचं दुकान खरं तर विहिरीच्या पंपांचं. मी उमरेडच्या विणकराची मुलगी, शाळा चौथीपर्यंत. बाकीचं सगळं ह्यांच्या शेजारी उभं राहून शिकले.

सोपं करून सांगते. इंजिन भयंकर जोरात फिरतं. पंखा तेवढा फिरला तर पाण्याला नुसता फेस येतो. म्हणून मध्ये गिअर. इंजिनाच्या दोन फेऱ्यांना पंख्याची एक, तो धिमा गिअर. दीड फेरीला एक, तो तेज, त्यात इंजिनाला ओढ जास्त. पंख्याला पीच असतो. लाकडात स्क्रू एका फेरीत जितका आत जातो, तसा पंखा पाण्यात किती पुढं जाईल, त्याचं ते माप. पीच मोठा तर पळ जास्त, पण इंजिनाला ओढही जास्त. थ्रॉटल, म्हणजे वेगाची दांडी, पूर्ण दाबल्यावर फेऱ्यांचा काटा इंजिनाला सोसेल त्या पट्ट्यात राहिला पाहिजे. वर गेला तर इंजिन पिसाळतं, खाली राहिला तर दमतं. गिअर-पंख्याची जोडी जमवायची ती एवढ्यासाठी. चाचणीला हे चालवायचे आणि मी काटा बघायची.

मग एका उन्हाळ्यात हे गेले.

दिराचं म्हणणं, दुकान कुणाला तरी देऊन टाकावं. "वहिनी, पंपाचं ठीक आहे, कोनी बी करते. बोटी तुमाले कोन देईन?"

"एक आहे ना हातात. ती धावली तर दुकान राहीन. नाही धावली तर किल्ली तुमच्या हातात," मी म्हटलं. तसं ठरलं आमचं.

ती बोट नरखेडकडच्या एका संत्रेवाल्या बागायतदाराची. दिवाळीनंतर तलावावर शर्यत होती आणि तो बायकोला बाजूला बसवून उतरणार होता. दोन्ही गिअरच्या जोड्या आणि लहान, मधल्या, मोठ्या पीचचे तीन पंखे त्यानं माझ्यापुढं आणून टाकले. "तुम्ही म्हणान ते लावू, वहिनी."

मी धिमा गिअर बसवला, मधला पंखा लावला आणि तलावावर गेले. दुसरं कोण येणार बरोबर? चालवायचीही मीच, काटाही मीच बघायचा. बोट सुटली तशी काटा सरळ लाल रेघेच्या पलीकडं. म्हटलं, इंजिनाला काही कामच उरलं नाही. परत आले, इंजिनाचा खालचा भाग उघडून तेज गिअर बसवला, तोच काय तो दिवसभराचा उद्योग. पंखा आता जास्त फिरणार, म्हणून दुसऱ्या दिवशी लहान पंखा लावून पाहिलं तर काटा मिनिटाला चोपन्नशे फेऱ्यांवर, अगदी पाहिजे तिथं. बोट अशी उडाली की मी एकटीच मोठ्यानं हसले. काठावर कुणी नव्हतं.

त्या रविवारी चाचणीला बागायतदार बायकोला घेऊन बसला. बोटीनं नाक वर केलं आणि तशीच पाणी ढकलत राहिली. काटा बेचाळीसशेच्या वर चढेना.

"काहून हो, मले उतरवता का पान्यात?" बायको ओरडली.

"तू चूप बस वं, बोलन्यानं आनखी जड होऊन राहिली!"

काठावरचे हसले. दीरही हसला.

रात्री जेवताना डोक्यात आलं. इतकी वर्षं चाचणीत बोटीत दोघं असायचो, त्यामुळं वजनाचा वेगळा विचार कधी करावाच लागला नाही. आता मी एकटी, तीही किडकिडीत. मी सगळी जोडी जमवली होती ती एकटीच्या बोटीसाठी.

सकाळी पुन्हा खालचा भाग उघडला. धिमा गिअर, मधला पंखा, म्हणजे पहिलीच जोडी. बाजूच्या सीटवर वाळूचं एक भरलेलं पोतं ठेवून दोरीनं बांधलं, पायाशी आणखी अर्धं. वळणावर ते पोतं माझ्या खांद्याला टेकायचं. ओलं होतं, थंड होतं. मी त्याला सरकवलं नाही.

बोट उठली. काटा बावन्नशेवर थांबला, बरोबर पट्ट्याच्या आत.

पुढच्या रविवारच्या चाचणीला दोघं नवरा-बायको गेले ते तलावाच्या टोकापर्यंत पाणी चिरतच गेले. उतरल्यावर तो म्हणाला, "वहिनी, तो दुसरा गिअर आन बाकीचे पंखे राहू द्या दुकानातच. माह्या एका दोस्ताची बोट बी पाठवतो."

दुकानाची किल्ली माझ्याच कमरेला राहिली. घरी जाताना दीर सायकल हातात धरून माझ्याबरोबर चालत राहिला.

"बावन्नशेवर बसला काटा," मी म्हटलं.

"म्हंजे चांगलं का?"

"चांगलं."

"मंग झालं तं," तो म्हणाला, आणि पुढं वांग्याच्या भावाचं काहीतरी सांगू लागला. मी हं हं करत चालले. बावन्नशे म्हणजे काय, हे आता आख्ख्या नागपुरात मी कुणाला सांगणार होते?