आक्कांच्या ताटातला उजेड

माझ्या सॉफ्टवेअरवर भरवसा ठेवून काम घ्यावं का, असं कोणी विचारलं की मला हो म्हणवत नाही. पोट त्याच्यावरच आहे, तरीही. खासबागेतल्या खोलीत बसून मी त्यावर न बांधलेल्या घरांची चित्रं करते. फरशीवर ऊन, पडद्याला वारा, सगळं फोटोत असावं तसं.

निपाणीच्या एका जैन कुटुंबाचं घर हाती आलं. मुलाच्या मागण्या ढीगभर, त्याच्या आईची, म्हणजे आक्कांची, एकच. त्या सूर्य मावळायच्या आत जेवतात, तेही दिवा न लावता. ताटात किडामुंगी असली तर दिसायला हवी. जुन्या घरी त्या जेवायला अंगणात बसायच्या. नव्या घराला अंगण नव्हतं, म्हणून स्वयंपाकघरात शेवटपर्यंत उजेड पाहिजे होता.

मी त्या वेळेचा सूर्य धरून चित्र केलं. टेबलावर लख्ख उजेड पडला. आक्कांनी लॅपटॉपच्या पडद्यावर बोट ठेवलं.

"ह्यो खरा हाय न्हवं गं? का तू घातलाईस?"

"खरा आहे, आक्का. दिशा, वेळ, सगळं हिशेबानं येतं."

त्या खूश झाल्या. भिंती उठल्या, स्लॅबही झाला.

मग एकदा सेटिंग चाळताना कळलं, की खोली अंधारी असली तर सॉफ्टवेअर आपणहून चित्र उजळ करतं, मोबाइलचा कॅमेरा करतो तसं. ते बंद केलं, स्वयंपाकघर काळवंडलं. चालू केलं, झगझगलं. दोन्ही चित्रं फोटोसारखीच खरी वाटणारी! मग खरं कुठलं? दुपारपर्यंत चालू-बंद करत बसले. जेवण गोड लागेना. चिडून लॅपटॉप मिटला, आक्कांना फोन करून म्हटलं, आज नव्या घरातच जेवा, मी येते. आणि निपाणीची बस धरली.

आक्का डबा घेऊन आल्या. होणाऱ्या स्वयंपाकघरात विटांवर बसून जेवू लागल्या. पहिले घास ठीक गेले. मग सूर्य शेजारच्या तंबाखूच्या वखारीआड गेला. ती वखार मी चित्रात धरलीच नव्हती. आक्कांनी डबा डोळ्यांजवळ नेला.

"सूर्य हाय अजून, पर भाजी दिसंना."

डबा हातात धरून त्या खोल्यांतून हिंडू लागल्या, मी मागे. एका खोलीत ऊन पार भिंतीपर्यंत आलं होतं. मी म्हटलं, बसा इथं. त्या उंबऱ्याच्या जागीच थांबल्या.

"ही पोराची आन् सूनबाईची खोली."

आणि त्यांनी डब्याचं झाकण लावलं. आत अर्धी भाकरी तशीच. आता सकाळपर्यंत काही नाही.

"पोराला काय सांगू नगं. लई हौसेनं बांधतोय त्यो."

परतीच्या बसमध्ये मला एका जागी बसवेना. दुसऱ्या दिवशी सकाळी, आक्कांनी काही खाल्लं असेल का याच विचारात, मी चित्रात वखार घातली, उजळ करणारं बटण बंद केलं आणि ते काळं चित्र मुलाला पाठवलं. लगेच उत्तर आलं.

"आईचं किचन लई अंधारं दिसतंय. उजेड वाढवा की जरा."

मी लिहिलं, "वाढवता येत नाही. काल आक्का अर्ध्या जेवणावरून उठल्या. तुमची खोली स्वयंपाकघराला द्या."

निळी खूण आली. अजून उत्तर नाही. मी फोन हातात घेऊन खोलीत येरझाऱ्या घालते आहे, आणि आज पुन्हा संध्याकाळ होत आली आहे.