लव्हॉनच्या गळ्यातला रुमाल

अर्लन टॉर्गर्सनच्या गॅरेजमध्ये गाडी सोडून सगळं होतं. गाडी बिचारी अख्खा हिवाळा बाहेर, मोंटानाच्या बर्फात काकडत उभी. आणि आत हीटरच्या उबेला कोण? तर रायफली! त्यांच्या नळ्या, त्यांचे दस्ते, कॉफीच्या रिकाम्या डब्यांत भरून ठेवलेल्या स्प्रिंगा आणि स्क्रू. त्याची बायको लव्हॉन येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "मी आजारी पडले ना, तर मला गॅरेजमध्येच झोपवा. निदान ऊब तरी मिळेल."

अर्लनची सगळी नोकरी गावाच्या धान्यकोठारावर गेली. गहू मोजून मोजून निवृत्त झाला. पण जीव सगळा या रायफलींत. घोडा दाबला की एक गोळी सुटते, रिकामी पुंगळी आपली आपण उजवीकडे उडून पडते आणि पुढची गोळी आपली आपण जागेवर येते, त्या जातीच्या. सुटे भाग आणायचे, घासायचे, जुळवायचे, दस्ता मनासारखा करायचा. बायका गोधड्या शिवतात ना, ठिगळाला ठिगळ लावून, तसंच ते. फक्त गोधडी शिवणाऱ्या बाया इतक्या बढाया मारत नाहीत.

गावातलं कुणीही रायफल घेऊन यायचं. "अर्लन, घोडा जड लागतोय बघ." "अर्लन, माझा हात आखूड आहे, दस्ता कमी कर." पैसे कधी घेतले नाहीत त्याने. म्हणायचा, "पैसे घ्यायला परवाना लागतो. पाय खायला लागत नाही." त्यामुळे टॉर्गर्सनांच्या घरी रुबार्बचे पाय, म्हणजे त्या आंबट देठांचं गोड सारण भरून भाजलेला तिकडचा पदार्थ, इतके यायचे, की लव्हॉनने स्वतः कधी केलाच नाही. तशी ती हुशारच.

माणूस गुणी, पण एक खोड होती. डावऱ्यांना बघितलं की याला चेव यायचा. कोठारावर ट्रक चालवणारा रॉइस डावरा, तो डाव्या खांद्याला रायफल लावायचा. झालं, अर्लन सुरू. "रॉइस, रायफल उलटी धरलीयस रे! आरशात बघून शिकलास का?" रॉइस गरीब स्वभावाचा. मिशीत हसायचा आणि नेम धरायचा. एकदा त्याने धीर करून विचारलं, "डावऱ्यांसाठी वेगळे भाग मिळतात म्हणे. मला एक जोडून देशील?"

"चुकीच्या बाजूची रायफल या गॅरेजमध्ये होणार नाही," अर्लन म्हणाला. आणि वर रॉइसनेच आणलेला पाय खाल्ला.

आता गंमत ऐका. लव्हॉनसुद्धा डावरीच होती! डाव्या हाताने लिहायची, डाव्या हाताने लेफ्सा, ती नॉर्वेकडची बटाट्याची पोळी, लाटायची, आणि रायफलही डाव्याच खांद्याला लावायची. अर्लनला ते दिसत नव्हतं असं नाही. पण बायकोला कोण चिडवणार? जेवायचं होतं ना त्याला.

लग्नाच्या कुठल्याशा वाढदिवसाला त्याने तिला रायफल बनवून दिली होती. तरुणपणी सैन्यात त्याच्या हातात आली होती तशी, जुन्या घाटाची. नव्या रायफलींना पुंगळी बाहेर पडते तिथे मागच्या बाजूला एक छोटासा उंचवटा असतो. पुंगळी त्यावर आपटते आणि पुढे उडते. जुन्या घाटाला तो उंचवटा नाही. अर्लनला हाच घाट देखणा वाटायचा. "बघ, कसा सपाट गाल आहे," म्हणून तो त्यावरून हात फिरवायचा. इतक्या मायेने त्याने लव्हॉनच्या गालावरून हात फिरवल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

दस्ता त्याने अक्रोडाचा केला. लाकूड कुठलं, तर लव्हॉनच्या आईच्या कपाटाचं. विचारलं का? छे. कपाटाचं दार डुगडुगत होतं म्हणे, म्हणून कापलं. दाराची मूठ बसवायचं जुनं भोक दस्त्यावर आलं, तिथे त्याने दुसऱ्या लाकडाची गोल टिकली अशी बसवली, की ती मुद्दाम केलेली नक्षीच वाटावी. लव्हॉनने रायफल हातात घेतली, टिकलीवरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "आई असती तर आधी तुझ्यावर नेम धरला असता." पण डोळे भरून आले होते तिचे.

त्यानंतर दर वर्षी सप्टेंबरात, गावच्या नेमबाजी क्लबच्या जोडीच्या स्पर्धेला हीच रायफल जायची. जोडीची स्पर्धा म्हणजे दोघांत एकच रायफल. एकजण गोळ्या झाडणार, दुसरा डावीकडच्या खुर्चीत दुर्बीण घेऊन बसणार आणि समोरच्या कागदी निशाणावर गोळी कुठे लागली ते सांगणार. मग अदलाबदल. आणि दर वर्षी लव्हॉन गळ्याला रुमाल बांधून यायची. ऊन असो, वारा असो, तो निळ्या ठिपक्यांचा रुमाल पार हनुवटीपर्यंत, घट्ट गाठ मारून. अर्लन कौतुकाने सांगायचा, "आमच्या बाईसाहेबांना स्पर्धेला नटून यायला लागतं."

क्लबातल्या बायका एकमेकींकडे बघायच्या आणि खोकायच्या.

त्या वर्षी उन्हाळ्यात अर्लनच्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला. सकाळी उठला तर अर्ध्या जगावर पडदा ओढल्यासारखं. मोठ्या शहरात जाऊन शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी हात टेकले नाहीत, पण उजव्या डोळ्याला उरलं ते धुकंच. डावा ठणठणीत. आता एका डोळ्याने अंदाज चुकतो ना माणसाचा, तो कॉफी कपाच्या शेजारी ओतायला लागला. स्प्रिंग चिमट्यात धरायला जायचा, तर चिमटा हवेतच मिटायचा. शेवटी एक दिवस त्याने डब्यांवर झाकणं लावली, हत्यारं खोक्यांत भरली आणि रॉइसला फोन केला.

"ट्रक घेऊन ये. सगळं घेऊन जा."

"सगळं म्हणजे?" रॉइस गडबडला.

"सगळं म्हणजे सगळं. तुला उपयोग होईल. तुझे दोन्ही डोळे शाबूत आहेत."

"गहू संपू दे," रॉइस म्हणाला. "सप्टेंबरच्या शेवटी येतो." कापणीचे दिवस होते आणि ट्रकला उसंत नव्हती. देवाची कृपाच म्हणायची.

लव्हॉन दारात उभी राहून सगळं ऐकत होती. हातात ओला फडका.

"स्पर्धेला नाव दिलंय मी आपलं," ती म्हणाली.

"काढून घे. उजव्या डोळ्याने दिसत नाही मला."

"मग डाव्याने बघ. डाव्या खांद्याला लाव."

"मी? डावरा?" अर्लन असा बोलला, जसं काही तिने त्याला कपडे काढून गिरजाघरात जायला सांगितलंय. "आख्खा क्लब हसेल, लव्हॉन."

"हसू दे की. इतकी वर्षं तू हसलास, आता त्यांची पाळी. बोटं शाबूत आहेत, खांदा शाबूत आहे, डोळा गेलाय तो एक. आणि तू नाही आलास तर माझंही जाणं बंद, ते आलं का लक्षात? जोडी आहे ती."

हे मात्र त्याच्या लक्षात आलं नव्हतं. दिवसभर तो गॅरेजमध्ये बांधलेल्या खोक्यांकडे बघत बसला. जेवताना प्रार्थना म्हटली, ती नेहमीपेक्षा जरा हळू. मग बटाटे वाढून घेता घेता म्हणाला, "एकदाच. आणि मग रॉइस सगळं घेऊन जाईल."

"बटाटे ताटात वाढ," लव्हॉन म्हणाली. "टेबलक्लॉथला भूक नाहीये."

स्पर्धेच्या दिवशी ऊन असं, की गवत कडकड वाजत होतं. मैदानाची सगळी सूत्रं डोरीनकडे. सोळाव्या वर्षापासून गुरं हाकलेली बाई, तिला भोंगा लागत नाही. अर्लन बाकावर बसला आणि रायफल डाव्या खांद्याला लावली, तेव्हा मैदानावरच्या सगळ्या माना वळल्या. रॉइस मागे उभा होता. त्याला बोलायची उत्तम संधी होती. त्याने नुसती टोपी जरा खाली ओढली.

लव्हॉन डावीकडच्या खुर्चीत दुर्बीण लावून बसली. गळ्याला रुमाल. अर्लनने शर्टाचं वरचं बटण उघडं टाकलेलं, उकडत होतं ना.

पहिली गोळी झाडली. "खाली, पण कागदावर आहे," लव्हॉन म्हणाली. अर्लनचा चेहरा उजळला. दुसरी झाडली, आणि रिकामी पुंगळी उजवीकडून उडाली. आता रायफल डाव्या खांद्याला म्हणजे माणसाचं तोंड रायफलीच्या उजव्या बाजूला आलं. आणि त्या देखण्या सपाट गालावर तिला अडवायला काही नाही. ती तापलेली पितळी पुंगळी आली ती थेट अर्लनच्या उघड्या गळ्यातून शर्टाच्या आत!

शिस्तीचा माणूस हो. आधी बोट घोड्यावरून काढलं, रायफल तोंड पुढे करून बाकावर नीट ठेवली, आणि मग नाचला. असा नाचला, असा नाचला, की लग्नात पण नाचला नव्हता. शर्टाची बटणं एकीकडे, टोपी दुसरीकडे.

"थांबा! सगळे थांबा!" डोरीन ओरडली. मग जवळ येऊन म्हणाली, "अर्लन, पोट झाकून घे, लहान मुलं आहेत."

सगळं मैदान हसत होतं. अर्लनने गळ्यावर हात ठेवला, तिथे लाल चट्टा उठला होता. त्याने पुंगळीकडे बघितलं. रायफलीकडे बघितलं. आणि मग त्याची नजर लव्हॉनच्या रुमालावर गेली आणि तिथेच थांबली.

"लव्हॉन," तो म्हणाला, "हा रुमाल..."

"हं?"

"हा नटायला नाही."

"नाही," लव्हॉन म्हणाली. "नटायला माझ्याकडे मोत्यांची माळ आहे."

"म्हणजे इतकी वर्षं? दर वर्षी?"

"पहिल्या वर्षी नाही बांधला. मग बांधायला लागले."

"डोरीन, तुला माहीत होतं?"

"मलाच काय, पाद्रीबाबांना पण माहीत आहे," डोरीन म्हणाली. "तिला पहिला रुमाल माझ्या आईने दिला. चल, तुझ्या गोळ्या राहिल्यात."

अर्लनने शर्टाची सगळी बटणं गळ्यापर्यंत लावली आणि उरलेल्या गोळ्या झाडल्या. नेम काही फार लागला नाही. जोडी खालून दुसरी आली. पण खालून पहिली नाही आली, हे त्याने घरी जाताना तीनदा सांगितलं. गव्हाची कापलेली शेतं दोन्ही बाजूंनी मागे जात होती, लव्हॉन गाडी चालवत होती.

"सांगितलं का नाहीस?" त्याने विचारलं.

"काय सांगायचं? तू आईचं कपाट कापून, इतक्या हौसेने ती टिकली बसवून आणलीस. तुझा चेहरा बघायला हवा होतास. सांगितलं असतं तर रायफल परत घेतली असतीस आणि दुसरी केली असतीस. मला तीच हवी होती." थोड्या वेळाने तिने तोंड वाकडं केलं. "आणि खरं सांगू? तुझ्या लक्षात कधी येतंय ते बघत होते. मी डोरीनशी पैज लावली होती, मरेपर्यंत येणार नाही म्हणून. हरवलंस मला."

अर्लन खिडकीबाहेर बघत राहिला. तिकडच्या पुरुषांना आभार मानता येत नाहीत. तो एवढंच म्हणाला, "बरं झालं, डोळा गेला."

"वेडा आहेस का?"

"नाही, एक गेला म्हणतोय. एक आहे ना. त्यानेच दिसलं."

सप्टेंबरच्या शेवटी रॉइस ट्रक घेऊन आला, गॅरेजचं दार उघडलं आणि बघतच राहिला. खोकी सगळी परत उघडलेली. आणि अर्लन-लव्हॉन दोघं जमिनीवर, हातापायांवर.

"पाऊल टाकू नकोस!" दोघं एकदम ओरडले.

"काय हरवलंय?"

"स्प्रिंग," लव्हॉन म्हणाली. "तांदळाएवढी. मी म्हटलं होतं पिशवीत हात घालून बसवू, म्हणजे उडाली तरी पिशवीतच राहील. पण यांना पिशवी म्हणजे कमीपणा! उडाली."

"हात तिचा होता," अर्लन टेबलाखालून म्हणाला.

"सांगत तू होतास!"

गावच्या दुकानातून, कागदपत्रं रीतसर भरून, डावऱ्यांच्या रायफलीचे भाग आले होते. पुंगळी डावीकडे उडवणारे. कुठलं काय कुठे बसतं ते अर्लनच्या बोटांना पाठ, आणि बारीक काम लव्हॉनच्या हातांनी आणि डोळ्यांनी. तो बोटाने चाचपून म्हणायचा, "अजून जरा," आणि ती पुढे सरकवायची. रॉइसही खाली बसला, लोहचुंबक फिरवायला लागला. स्प्रिंग काही सापडली नाही. शेवटी डब्यातली दुसरी घेतली, लेफ्साच्या रिकाम्या पिशवीत हात घालून बसवली, आणि एका झटक्यात बसली. अर्लनने पिशवीची घडी केली आणि हत्यारांच्या खोक्यात ठेवली. पहिली स्प्रिंग संध्याकाळी त्याच्याच मोज्यात निघाली.

"म्हणजे हत्यारं नेऊ नको ना?" रॉइसने विचारलं.

"नको. पण हे ने." अर्लनने त्याच्या हातात एक छोटा धातूचा तुकडा ठेवला, घासून गुळगुळीत केलेला. "तुझ्या जुन्या रायफलीला मागे अडकव. पुंगळी अडवेल. आणि वसंतात भाग आणलेस तर तुझीही जोडू, डावी." मग खाकरून म्हणाला, "योग्य बाजूची."

रॉइसची मिशी थरथरली. पुढच्या रविवारी पाय दोन आले.

दस्त्याला लाकूड हवं होतं, आणि कपाटाचं दुसरं दार अजून शिल्लक होतं. या वेळी अर्लनने विचारलं. लव्हॉन "नाही" म्हणाली. तो निमूट परत फिरला, तेव्हा तिने हाक मारली, "अरे घे, घे! तू विचारतोस तरी कसा ते बघायचं होतं मला."

पुढच्या सप्टेंबरात जोडी नवी रायफल घेऊन मैदानावर आली. दस्त्यावर गोल टिकली, या वेळी बरोबर गालाच्या बाजूला. पहिली पाळी लव्हॉनची. तिने रुमाल सोडला, घडी केली, बाकावर ठेवला. किती वर्षांनी तिचा गळा उन्हात मोकळा! अर्लन डावीकडच्या खुर्चीत दुर्बीण घेऊन बसला. कौतुकाने छाती अशी फुगलेली की दुर्बीण हलत होती.

लव्हॉनने गोळी झाडली. पुंगळी उडाली. तिच्या गळ्याजवळून नाही, तिच्यापासून लांब, सुंदर गिरकी घेत, डावीकडे.

डावीकडे कोण बसलं होतं, ते सांगायला नको.

"थांबा! सगळे थांबा!" डोरीन ओरडली. "अर्लन, परत पोट!"

अर्लन नाचून झाल्यावर धापा टाकत बसला. पण हसत होता. डाव्या डोळ्यातून पाणी, उजव्या डोळ्यातूनही पाणी, त्या बाबतीत दोन्ही डोळे सारखेच काम करत होते. लव्हॉनने बाकावरचा रुमाल उचलला, त्याच्या गळ्याला गुंडाळला, हनुवटीपर्यंत वर घेतला आणि मागे घट्ट गाठ मारली.

"छान दिसतोस," ती म्हणाली. "नटून आल्यासारखा."

"झाड पुढची," अर्लन रुमालातून म्हणाला, आणि दुर्बीण डाव्या डोळ्याला लावली. "मधोमध लागलीय बघ पहिली. मला इथून स्पष्ट दिसतंय."