घागरीवरच्या नळ्या

रघू गेल्याची बातमी आली तेव्हा मी पट्टीश्वरमच्या बसमध्ये खिडकीची जागा धरून बसलो होतो. त्याच्या शेजाऱ्याने बाहेरून गजावर हात ठेवला. "रायर, खाली उतरा," एवढंच म्हणाला. कुंभकोणमात आम्हा मराठी माणसांना सगळे रायरच म्हणतात.

पुढचे काही दिवस त्याच्या घरी जो आला, तो एक किस्सा ठेवून गेला. माझ्याजवळचे हे थोडे.

*

नव्वदनंतरची गोष्ट. आईसाठी रघू बंगळूरची विमान-इंजिनांची कंपनी सोडून गावी आला. येताना एक काम घेऊन आला: इंजिनाभोवतीच्या तेलाच्या नळ्यांची वाट कॉम्प्युटरने शोधायची. प्रोग्रॅम मी लिहायचो. आपली एक तरी नळी खऱ्या इंजिनावर बसलेली बघायची, एवढीच त्याची इच्छा.

पहिली नळी अगदी आखूड निघाली, पण वळणाला लागून वळण. वाकवणाऱ्या मशीनला धरायला सरळ जागाच नाही.

रघूने कागद बघितला. "छान आहे. करणार कोण?"

*

मग ठरलं, कॉम्प्युटरला उदाहरणांनी शिकवायचं. रघू इंजिन म्हणून पितळी घागर आडवी ठेवून तिच्याभोवती तार वाकवायचा आणि सांगायचा, अशी नळी "होते" किंवा "होत नाही". मी मापं भरायचो. घागर अम्माची, म्हणजे त्याच्या आईची.

"मज घागर दे रे. तुझं इंजिन दुसरं आण."

"थांब अम्मा, विमान उतरू दे."

*

बंगळूरचे साहेब नकाशे बघून चक्रावले. "मिस्टर राव, तुमच्या सगळ्या नळ्या पुढे जाऊन आत का वळतात?"

"सर, तिथे घागरीची मान आहे," रघू म्हणाला.

साहेबांनी चष्मा काढला. "इंजिनाला मान असते?"

"नाही सर. पण आमच्या कॉम्प्युटरने इंजिन कुठे बघितलंय?"

भांडीवाल्याकडून इंजिनाच्या आकाराचा पत्रा वळवून आणला आणि आम्ही पहिल्यापासून सुरुवात केली.

*

शेवटी साहेबांचा फोन आला. नळी वाकली, इंजिनावर बसलीसुद्धा.

"नट आवळायला पाना फिरतो?" रघूने विचारलं.

"फिरतो. येऊन बघा."

फोन ठेवून तो अम्माकडे बघत राहिला. तिला एकटं कसं सोडायचं?

"जा रे," अम्मा म्हणाली. "तू येईस्तोवर मी कुठे जात नाही."

त्याने शुक्रवारचं तिकीट काढलं. मंगळवारी जेवून आडवा झाला, तो उठला नाही.

कंपनीने नंतर मला दोनदा बोलावलं. ती नळी बघायला मी अजून गेलेलो नाही.